फोर्डच्या गोष्टीतून गाळलेला माणूस : मोटारविक्रेत्यांचा विसरलेला इतिहास

१/
मोटारगाडीच्या इतिहासाची एक ठरीव गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. हेन्री फोर्ड नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ होता. त्याने सरकत्या साखळीवर गाड्या जुळवल्या, किंमत उतरली आणि अमेरिका चाकांवर आली. या गोष्टीत कारखाना आहे, कामगार आहे, ग्राहक आहे. कारखान्याच्या फाटकापासून ग्राहकाच्या दारापर्यंत गाडी कोणी नेली आणि मधल्या काळात तिचे पैसे कोणाचे अडकले होते, हे मात्र त्या गोष्टीत नाही. आजचा धागा त्या गाळलेल्या माणसाविषयी, म्हणजे डीलरविषयी आहे.

२/
माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. डीलर हा तयार मालावर नफा चढवणारा केवळ दलाल होता, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पहिल्या तीस वर्षांत मोटार उद्योगाला खेळते भांडवल पुरवणारा, दुरुस्तीची व्यवस्था उभारणारा, हप्त्यांचा आणि जुन्या गाड्यांचा बाजार चालवणारा तोच होता. मंदी आली तेव्हा तिचा पहिला तडाखाही त्यानेच सोसला. श्रेय मात्र कारखानदारांच्या नावावर जमा झाले. पुरावे क्रमाने पाहू.

३/
आरंभ १८९८ चा. त्या वर्षी २४ मार्चला क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन याने आपली पहिली गाडी पेनसिल्व्हेनियातील एका यंत्रज्ञाला थेट विकली. तेव्हाचे कारखाने म्हणजे मोठ्या कार्यशाळाच होत्या. गाड्या प्रदर्शनांत, टपालाने किंवा प्रत्यक्ष भेटीत विकल्या जात. आज ‘थेट विक्री’ ही नवी क्रांती म्हणून सांगितली जाते; वास्तविक ती या धंद्यातील सर्वांत जुनी पद्धत आहे. कारखानदारांनी ती लवकरच सोडून दिली. का सोडली, हाच पहिला प्रश्न आहे.

४/
त्याच १८९८ साली डेट्रॉइटमध्ये विल्यम मेट्झगर या सायकलविक्रेत्याने मोटारींचे दुकान थाटले. अमेरिकेतील आद्य स्वतंत्र मोटारविक्रेत्यांत त्याची गणना होते. विजेवर चालणाऱ्या आणि वाफेवर चालणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच्याकडे असत. हा योगायोग नव्हता. सायकलवाल्याकडे दुकान होते, कारागीर होते, सुटे भाग ठेवण्याची सवय होती आणि यंत्राची हौस असलेले गिऱ्हाईक होते. कारखानदाराला हे सारे गावोगाव नव्याने उभे करावे लागले असते, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्याच्याकडे नव्हता.

५/
मेट्झगरची पुढची कामगिरी पाहा. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड आपल्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीतून बाहेर पडला. तीच कंपनी पुढे ‘कॅडिलॅक’ झाली आणि तिची विक्री मेट्झगरकडे आली. जानेवारी १९०३ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात मोजक्या नमुना गाड्या मांडून त्याने दोन हजारांहून अधिक गाड्यांच्या मागण्या अनामत रकमेसह नोंदवल्या. गाड्या अजून बनायच्या होत्या. म्हणजे कॅडिलॅकच्या पहिल्या उत्पादनाला लागणारा विश्वास आणि रोकड या दोन्ही गोष्टी विक्रीच्या टेबलावर जमल्या.

६/
आता फोर्डकडे वळू. १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. भागधारकांकडून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड होती २८ हजार डॉलर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेतील शिल्लक उरली २२३ डॉलर ६५ सेंट. शिकागोच्या एका दंतवैद्याचा ८५० डॉलरचा धनादेश आला आणि कंपनी तरली, हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. त्याच दिवसांत इंडियानापोलिसच्या एका मोटारविक्रेत्या कंपनीने आगाऊ रक्कम धाडली होती, हा तपशील मात्र सहसा गाळला जातो.

७/
ही आगाऊ रक्कम अपवाद नव्हती. साऱ्या व्यवस्थेचा पाया तोच होता. कारखानदार चाके, बॉडी, इंजिनाचे भाग बाहेरून उधारीवर घेई. गाड्या जुळवून रेल्वेच्या डब्यात भरी. मालाची पावती मात्र डीलरच्या गावातील बँकेकडे जाई. डीलरने तेथे रोख भरल्याखेरीज पावती सुटत नसे आणि पावतीविना डबा उघडता येत नसे. आपल्याकडील जुन्या पेढ्यांच्या भाषेत ही दर्शनी हुंडी होय. परिणामी सुट्या भागांचे देणे फेडण्याची मुदत येण्याआधीच विकलेल्या गाडीचे पैसे कारखानदाराच्या खिशात पडत.

८/
याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कोवळ्या मोटार उद्योगाला मोठ्या बँका कर्ज देण्यास तयार नव्हत्या. तरीही तो इतक्या वेगाने वाढला, कारण त्याचे खेळते भांडवल एका बाजूने सुटे भाग पुरवणारे आणि दुसऱ्या बाजूने डीलर पुरवत होते. शिवाय त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या असत. १९१९ मध्येही बंद बॉडीच्या गाड्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. हिवाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नसे. तरी कारखाना चालू राहावा म्हणून हिवाळ्यातील माल डीलरने उचलावा आणि वसंत येईपर्यंत आपल्या पैशाने सांभाळावा, अशी अपेक्षा असे.

९/
फोर्डच्या पराक्रमातील सर्वांत गाजलेला अध्याय म्हणजे सेल्डन पेटंटचा खटला. जॉर्ज सेल्डनच्या पेटंटचा आधार घेऊन एका कारखानदार संघाने प्रत्येक मोटारीवर स्वामित्वशुल्क मागितले. फोर्ड झुंजला आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकला. परंतु अपिलाच्या निकालाचे शीर्षक वाचा : ‘कोलंबिया मोटर कार कंपनी विरुद्ध सी. ए. ड्युएर आणि कंपनी’. हे ड्युएर कोण? फोर्डच्या गाड्या विकणारे न्यूयॉर्कचे एजंट. १९०३ मध्ये दावा लागला तेव्हा प्रतिवादींच्या यादीत त्यांचे नाव फोर्डच्या आधी होते. कायद्याच्या ग्रंथांत त्यांचे नाव राहिले. गोष्टीतून ते गेले.

१०/
आता सेवेविषयी. त्या काळी गाडी रेल्वेने अर्धवट सुट्या अवस्थेत येई. चाके बसवणे, इंजिन चालू करून पाहणे, विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला ती हाकायला शिकवणे आणि आठ दिवसांनी ती शेतात बंद पडली की मेकॅनिक धाडणे, ही सारी डीलरची कामे होती. पेट्रोलपंप आणि गॅरेज सर्वत्र होण्यापूर्वी कित्येक गावांत डीलरचे दुकानच दोहोंचे काम करी. सुट्या भागांचा साठा ठेवण्याची अट करारात असे आणि त्या साठ्याचा खर्चही डीलरच्याच माथी असे.

११/
१९१३ पर्यंत फोर्डच्या डीलरांची संख्या सुमारे सात हजारांवर गेली होती. त्याच वर्षी हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. पुढे फोर्डने जाहीर केले की, ऑगस्ट १९१४ पासून वर्षभरात तीन लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक ग्राहकाला काही रक्कम परत मिळेल. खपल्या ३,०८,२१३. ग्राहकांना ५० डॉलर परत मिळाले. पाठ्यपुस्तके याचे श्रेय साखळीला देतात. पण साखळीने गाड्या स्वस्त केल्या. तीन लाख दारे ठोठावण्याचे काम तिने केले नव्हते. डीलरांचे जाळे आधीच पसरलेले नसते, तर साखळीतून उतरलेल्या गाड्या कारखान्याच्या अंगणात उभ्या राहिल्या असत्या.

१२/
पुढचा टप्पा हप्त्यांचा. हप्त्याने विक्री मोटारीआधीचीच. सिंगर कंपनीने शिवणयंत्रे १८५० च्या दशकातच तशी विकली होती. मोटारींना ती उशिरा लाभली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने स्वतःची वित्तकंपनी काढली. तिची कामे दोन : डीलरला साठ्यासाठी कर्ज आणि ग्राहकाला खरेदीसाठी कर्ज. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य हप्त्यांवर जाऊ लागल्या.

१३/
फोर्डचे काय? कर्ज त्याला तत्त्वतः नापसंत होते. १९२३ मध्ये त्याने साप्ताहिक बचतीची योजना काढली : ग्राहकाने दर आठवड्याला पाच डॉलर भरत जावे, पूर्ण रक्कम जमली की गाडी न्यावी. शेजारच्या दुकानात थोडी रक्कम भरून त्याच दिवशी शेव्हरोले मिळत असताना वर्षभर थांबणार कोण? योजना फसली. अखेर १९२८ मध्ये फोर्डलाही स्वतःची वित्तसंस्था काढावी लागली. डीलरला काउंटरवर रोज दिसत असलेली गोष्ट मालकाला मान्य व्हायला पाच वर्षे लागली.

१४/
आता या धाग्याचा गाभा : १९२० ते १९२१. फोर्डने १९१९ मध्ये इतर सर्व भागधारकांचे हिस्से सुमारे १० कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतले आणि त्यासाठी मोठे कर्ज काढले. १९२० मध्ये युद्धोत्तर मंदी आली. सप्टेंबरात त्याने किमती एकदम उतरवल्या. तरी खप सावरला नाही. डिसेंबरात कारखाना बंद झाला. कर्ज, कर आणि इतर देणी मिळून सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर वसंतापर्यंत हवे होते. हाती होते सुमारे २ कोटी.

१५/
दंतकथा येथे सांगते की, वॉल स्ट्रीटचे सावकार दाराशी आले आणि स्वाभिमानी फोर्डने त्यांना हाकलून लावले. मग त्याने केले काय? कारखाना उघडून शिल्लक मालातून गाड्या जुळवल्या आणि डीलरांकडे रवाना केल्या. अनेकांनी त्या मागवलेल्याच नव्हत्या. नियम तोच : बँकेत रोख भरा, मग पावती घ्या. नकार दिला तर एजन्सी जाण्याची भीती. ज्याने आयुष्याची कमाई दुकानात घातली होती, त्याला ही धमकी शब्दांत ऐकवण्याची गरज नव्हती.

१६/
डीलर गावच्या बँकेत गेले, स्वतःच्या सहीने कर्ज काढले आणि गाड्या सोडवून घेतल्या. म्हणजे फोर्डने सावकाराचे कर्ज टाळले, हे विधानच चुकीचे आहे. त्याने ते हजारो गावांतील हजारो लहान बँकांकडून काढले. फक्त कर्जखत दुसऱ्याच्या नावाने होते आणि व्याजही दुसऱ्यानेच भरले. वसंतात बाजार उठला, गाड्या खपल्या, पुढे कित्येक डीलरांनी चांगला पैसाही मिळवला, हे खरे. पण बाजार उठेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते तेव्हा जोखीम कोणाची होती, याचे उत्तर त्यामुळे बदलत नाही.

१७/
१९२२ मध्ये ‘माय लाइफ अँड वर्क’ हे फोर्डचे आत्मचरित्र निघाले. त्यात या संकटातून पैसा कसा उभा राहिला, याचा हिशोब दिला आहे. शिल्लक मालाचे रोखीत रूपांतर : २ कोटी ४७ लाख. वाहतुकीचा वेग वाढवून मोकळे झालेले : २ कोटी ८० लाख. त्याखेरीज परदेशी एजंटांकडील वसुली, उपउत्पादने, युद्धरोखे. हिशोब नेटका आहे. पण माल ‘रोखीत रूपांतरित’ आपोआप होत नाही. कोणीतरी रोख द्यावी लागते. डीलरांनी काढलेल्या कर्जाचे स्वतंत्र कलम त्या यादीत नाही. आणि आपण शंभर वर्षे तीच यादी इतिहास म्हणून वाचत आलो.

१८/
जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनचे आत्मकथन येथे उपयोगी पडते. १९२० च्या दशकात बाजार ज्यांनी पालटला अशा चार गोष्टी तो मोजतो : हप्त्यांची विक्री, जुनी गाडी मोबदल्यात घेणे, बंद बॉडी आणि दरवर्षी नवे मॉडेल. यांतील पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात घडतच नाहीत. त्या डीलरच्या दुकानात घडतात. आणि चौथीचा भार तर थेट डीलरवर पडतो, कारण नवे मॉडेल आले की त्याच्याकडील न खपलेली गाडी जुनी होते.

१९/
जुन्या गाडीचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. पहिल्यांदा गाडी घेणारे संपत आले, तसे दुसरी गाडी घेणारे वाढले. त्यांना जुनीचा मोबदला हवा असे. तिची किंमत ठरवायची, ती दुरुस्त करायची आणि पुन्हा खपवायची, हे सारे डीलरने. मोबदला कमी सांगितला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. जास्त दिला तर नव्या गाडीवरचा नफा जुनीत बुडे. या व्यवहारामुळेच सामान्य कामगाराला परवडेल अशी वापरलेली गाडी बाजारात आली. मोटार खऱ्या अर्थाने सर्वांची झाली, त्यात या बाजाराचा वाटा साखळीइतकाच मोठा आहे.

२०/
आता विरोधी पक्ष. ‘डीलर काय धुतल्या तांदळासारखे होते का?’ नव्हते. किमतीत नसलेले आकार घुसवणे, वित्तशुल्क फुगवणे, मोबदला फुगवून दाखवून तो नव्या किमतीतून वसूल करणे, हे सारे घडत होते. म्हणूनच १९५८ मध्ये सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याची किंमत छापील चिकटवणे सक्तीचे झाले. ग्राहकाची फसवणूक झाली हे नाकारण्याचे कारण नाही, आणि ते मी नाकारीतही नाही.

२१/
परंतु त्या फसवणुकीची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. करार बहुधा एका वर्षाचा असे आणि गाड्यांचा कोटा वरून येई. कोणत्या वित्तकंपनीतून कर्ज द्यायचे, याचीही सक्ती होई. या सक्तीबद्दल १९३८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांवरही खटले भरले गेले. फोर्ड आणि क्रायस्लर यांनी तडजोड केली आणि १९३९ मध्ये जनरल मोटर्स दोषी ठरली. त्याच वर्षी संघीय व्यापार आयोगाने मोटार उद्योगावर प्रचंड अहवाल प्रसिद्ध केला. वरून दाबलेला माणूस खाली दाबतो. त्याचा गुन्हा त्यामुळे माफ होत नाही, पण खटल्यात आरोपी एकच उरत नाही.

२२/
संरक्षण हळूहळू आले. डीलरांची राष्ट्रीय संघटना १९१७ मध्येच स्थापन झाली होती. विस्कॉन्सिन राज्याने १९३७ मध्ये या धंद्यासाठी परवान्याचा कायदा केला. इतर राज्ये मागून आली. १९५६ मध्ये संघीय कायदा झाला : कारखानदार सद्भावाने वागला नाही, तर डीलर त्याला न्यायालयात खेचू शकतो. १९२१ मध्ये न मागवलेली गाडी सोडवून घेणाऱ्या माणसाला हा साधा हक्क मिळायला ३५ वर्षे लागली.

२३/
‘आज हेच कायदे नव्या कंपन्यांची वाट अडवतात, त्याचे काय?’ हा आक्षेप वजनदार आहे. टेस्लाने डीलरांविना थेट विक्रीचा मार्ग धरला, तेव्हा अमेरिकेतील कित्येक राज्यांत जुने कायदे तिच्या आड आले. ज्या कंपनीचा एकही डीलर नाही, तिच्यापासून कोणत्या डीलरचे रक्षण करायचे? तेथे कायद्याचा मूळ हेतू सुटून मक्तेदारी उरते, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या कंपनीने लोकांच्या भांडवलावर जाळे उभारले, तिने ते एका पत्राने टाकून द्यावे काय, हा प्रश्न निराळा आहे. दोन्ही प्रश्न एकत्र कालवले की जिंकतो तो कारखानदारच.

२४/
हे सारे दूरच्या अमेरिकेचे वाटत असेल, तर घरी या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्यास सुरुवात केली होती. पुढे दीर्घ खंडानंतर ती पुन्हा आली, तळेगावला कारखाना उभा राहिला आणि २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबवल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही भारतातील उत्पादन गुंडाळण्याचे ठरवले. तेव्हा विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या संघटनेने सुमारे १७० डीलर आणि ४० हजार नोकऱ्यांचा प्रश्न मांडला आणि डीलरांच्या संरक्षणासाठी कायद्याची मागणी केली. १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनी नाव तेच, प्रश्न तोच : कंपनीचा निर्णय, डीलरचे कर्ज.

२५/
जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले भारतीय दालन उघडले, तेव्हा ‘आता मधला माणूस जाणार’ असा आनंद अनेकांनी व्यक्त केला. जाईलही कदाचित. पण साठा कोण सांभाळणार, बंद पडलेली गाडी कोण उचलणार आणि मंदीत न खपलेल्या मालाचे व्याज कोण भरणार, ही कामे त्याच्याबरोबर जाणार नाहीत. ती कोणाच्या तरी अंगावर येतीलच. कंपनीच्या आली तर ठीक. ग्राहकाच्या आली तर तेव्हा मधल्या माणसाची आठवण होईल.

२६/
तरुण मित्रांनो, इतिहास वाचताना एक सवय लावून घ्या. कोणत्याही थोर उद्योगपतीची कथा हाती आली की तीन प्रश्न विचारा. माल विकला जाईपर्यंत तो कोणाच्या गोदामात होता? त्याचे पैसे कोणी आधी भरले होते? मंदी आली तेव्हा कर्जखतावर सही कोणाची होती? फोर्डने मोटार स्वस्त केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या नावाशी जुळत नाहीत, आणि तेवढा भाग त्याच्या खात्यातून काढून डीलरच्या खात्यावर लिहिणे हे आपले काम आहे.

२७/
धागा येथे संपवतो. तुमच्या गावात पहिली मोटार एजन्सी कोणी काढली, त्यापूर्वी त्या घराण्याचा धंदा कोणता होता, आणि गाड्या हप्त्यांवर केव्हापासून मिळू लागल्या, याची चौकशी घरातील वडीलधाऱ्यांकडे अवश्य करा. उत्तरे खाली लिहा. मतभेद असल्यास तोही लिहा, मात्र पुराव्यासह.